नोहप लावलं, स्क्रीन लावली, तरी लॉगआउट केलं की काम मरतंच. मारतंय कोण?

खाडीपूल | रविवार, सकाळी १०:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय. जिलबी वाटली तर सांभाळून घ्या.

ठाण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाकडे बांधीव मासिकांचे गठ्ठे पडून होते. आम्ही चार-पाच जणांनी मिळून त्यांची पानं स्कॅन केली, साधारण १८,०००. आता टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) चालवून त्यातला मजकूर काढायचाय, म्हणजे निदान शोधता तरी येईल. माझ्या लॅपटॉपचा त्यात जीव जाईल, म्हणून ओळखीच्या एका संस्थेने त्यांचा लिनक्स सर्व्हर वापरायला दिलाय. ऐरोलीहून, घरूनच, एसएसएचने (दुरून यंत्राला कमांड द्यायची सोय) आत जाते. एका पानाला साधारण १० सेकंद लागतात, म्हणजे सलग ५० तास. तेवढा वेळ लॅपटॉप उघडा ठेवता येत नाही. सोमवारी सकाळी तोच पाठीला लावून महापेला जायचं असतं.

पहिल्यांदा नुसतीच कमांड दिली. लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि काम २१२ पानांवर खलास. ते कळलं, माझीच चूक.

दुसऱ्यांदा वाचून-बिचून नोहप (लॉगआउटनंतरही काम चालू ठेवायची कमांड) लावलं, शेवटी & सुद्धा दिलं. 'एक्झिट' केलं, झोपले. सकाळी बघते तर नोहप.आउट मध्ये शेवटची ओळ रात्री ११:४२ ची. मी बाहेर पडले तीच वेळ!

तिसऱ्यांदा स्क्रीन, म्हणजे आपण गेलो तरी सर्व्हरवर टिकणारी खिडकी. कंट्रोल-ए, मग डी. 'डिटॅच्ड' असं आलं, आनंद झाला. सकाळी 'स्क्रीन -आर' केलं तर म्हणे जोडण्यासारखी स्क्रीनच नाही.

सर्व्हर मध्ये बंद पडलेला नाही, अपटाइम ६३ दिवस दाखवतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(कमांडा इथल्या रिवाजाप्रमाणे उच्चारानुसार लिहिल्यात.)

घोडबंदर_रोड | रविवार, सकाळी १०:४१

नोहपच्या शेवटी & लावलं होतं का? बरेच जण विसरतात. नोहप स्वतःहून कमांड मागे टाकत नाही.

खाडीपूल | रविवार, सकाळी १०:४४

धागा वाचलात का? :)

घोडबंदर_रोड | रविवार, सकाळी १०:५२

सॉरी सॉरी. कापूरबावडीच्या सिग्नलला वाचत होतो, तेवढ्यात मागच्याने हॉर्न मारला. आता वाचलं.

ती म्हातारी स्क्रीन सोडा आणि टीमक्स घ्या. 'टीमक्स न्यू -एस ओसीआर', आत काम सुरू करा, कंट्रोल-बी मग डी, आणि खुशाल जा. परत आलात की 'टीमक्स अटॅच -टी ओसीआर'. विषय संपला.

टर्मिनलकाका | रविवार, सकाळी ११:३०

विषय संपला नाही, भाऊ. स्क्रीनमध्ये मेलेलं काम टीमक्समध्ये का जगेल, ते सांगा बरं.

थोडी जुनी गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय हे नोहप प्रकरण पाठ होतं पण समजत नाही. 'हँग अप' म्हणजे फोन ठेवणं. आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात एक टर्मिनल होतं, ते मोडेमवरून दुसरीकडच्या यंत्राला जोडलेलं. फोनची लाइन तुटली की त्या यंत्राला कळायचं की पलीकडचा माणूस गेला. मग तिथलं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) त्या टर्मिनलच्या मालकाला, म्हणजे शेलला (आपल्या कमांडा घेऊन चालवणारा प्रोग्राम), एक सिग्नल पाठवायचं: सिगहप, क्रमांक १. माणूसच नाही तर त्याचे प्रोग्राम कशाला चालू ठेवायचे? फोनचं बिल आणि यंत्राचा वेळ, दोन्ही महाग. त्यामुळे सिगहप मिळालेल्या प्रोग्रामने काही वेगळं ठरवलेलं नसेल तर तो मरतो. आज मोडेम गेला, वायफाय आलं, पण तुटली की तीच चिठ्ठी जाते.

नोहप एवढंच करतं की प्रोग्रामच्या कानात बोळे घालतं: सिगहप आला तरी ऐकू नकोस. आणि आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर ते नोहप.आउट या फाइलकडे वळवतं. बस. त्याच्यात दुसरी कसलीही जादू नाही.

स्क्रीन आणि टीमक्स यांची युक्ती निराळी. ते तुमच्या प्रोग्रामला एक खोटं टर्मिनल देतात, जे सर्व्हरवरच राहतं आणि कधी तुटतच नाही. तुम्ही फक्त खिडकीतून डोकावता. आमच्या नोकरीच्या काळी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की ट्रान्झिस्टरवरची कॉमेंट्री जायची. मॅच थांबलेली नसायची. तसंच हे.

अवांतर: स्क्रीन १९८७ ची, बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातली. टीमक्स २००७ चा. त्यामुळे 'म्हातारी' म्हणालात ते वयाने बरोबर आहे, पण जरा आदराने.

घोडबंदर_रोड | रविवार, सकाळी ११:३८

काका, दंडवत. पण माझा अनुभव वेगळाच आहे. मी तर नोहपसुद्धा लावत नाही. नुसतं & देऊन 'एक्झिट' करतो आणि काम चालू राहतं. शेल म्हणून बॅश वापरतो.

कुळीथ_पिठलं | रविवार, दुपारी १२:१५

घोडबंदर, ते चालतं ते नशिबावर. बॅशमध्ये 'हपऑनएक्झिट' नावाची एक सेटिंग आहे आणि ती मुळात बंद असते. त्यामुळे तुम्ही स्वतः शहाण्यासारखं 'एक्झिट' केलंत तर बॅश मागच्या कामांना सिगहप पाठवत नाही. पण लाइनच तुटली तर सिगहप बॅशला येतो, आणि मरता मरता बॅश तो सगळ्या कामांना वाटतो. म्हणजे घरून 'एक्झिट' केलं तर काम जगतं, आणि लोकलमध्ये हॉटस्पॉट गेला तर मरतं. एकच कमांड, दोन निकाल. मग लोक म्हणतात लिनक्स लहरी आहे.

शिवाय जगलं तरी ते काम आता नसलेल्या टर्मिनलवर लिहायला जातं, तिथे त्याला एरर मिळते आणि बरेच प्रोग्राम त्यावर मान टाकतात. म्हणून आउटपुट, एरर आणि इनपुट तिन्ही वळवायचे: '> लॉग.टीएक्सटी २>&१ < /डेव्ह/नल &'. तिन्ही वळवले नाहीत तर कधी कधी 'एक्झिट' दिल्यावर एसएसएचची खिडकी बंदच होत नाही, तशीच लटकते. तेही त्यामुळेच. मागच्या कामाने ती वाट धरून ठेवलेली असते.

आता मूळ प्रश्न. खाडीपूल, तुमचं नोहपचं काम सिगहपने मेलेलं नाही, कारण त्याच्या कानात बोळे होते. स्क्रीनला तर सिगहपशी घेणंदेणंच नाही. म्हणजे मारणारा दुसरा कोणीतरी आहे. मला एक संशय आहे, पण आधी प्रयोग करा. दोन खिडक्यांतून सर्व्हरवर या. पहिल्या खिडकीत 'नोहप स्लीप ६०० &' द्या. दुसरीतून ते दिसतंय का बघा, 'पीग्रेप -ए स्लीप'. मग पहिली खिडकी 'एक्झिट' करा, दुसरी उघडी ठेवा, आणि पुन्हा बघा.

जाता जाता 'कॅट /प्रॉक/(तो पीआयडी, म्हणजे पीग्रेपने दाखवलेला क्रमांक)/सीग्रुप' चं उत्तरही इथे द्या.

नवखा_लिनक्सवाला | रविवार, दुपारी १२:४०

मध्येच घुसतोय, सॉरी. कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये बसलोय. प्रोजेक्टचं मॉडेल ट्रेन होतंय, दुसऱ्या मशीनवर, एसएसएचमधून. चार तास झालेत, अजून सहा लागतील. मी नोहप, टीमक्स काहीच लावलेलं नाही. लॅब एक वाजता बंद होते. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल का??

घोडबंदर_रोड | रविवार, दुपारी १२:४३

नाही रे. कंट्रोल-झेड. मग 'बीजी'. मग 'डिसओन -एच'. मग 'एक्झिट'. पळ.

नवखा_लिनक्सवाला | रविवार, दुपारी १२:५५

झालं! थँक्यू दादा!!

खिडकीवाला | रविवार, दुपारी ०१:२०

आमच्यासारख्या विंडोजवाल्यांसाठीही कोणी लिहा की. आमच्या तुर्भ्याच्या ऑफिसात एका सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने जाऊन एक्सेलचा भलामोठा मॅक्रो चालवतो. कधी चालू राहतो, कधी नाही.

कुळीथ_पिठलं | रविवार, दुपारी ०१:३५

वरच्या पट्टीतल्या फुलीने खिडकी बंद करता तेव्हा ते 'डिस्कनेक्ट' असतं. तुमचं सत्र तिकडे चालूच राहतं, मॅक्रोही. स्टार्ट मेनूतून 'साइन आउट' केलंत की सगळं बंद. पण अॅडमिनने तुटलेल्या सत्रांना मुदत घालून ठेवली असेल तर फुलीनेसुद्धा ठरावीक वेळाने काम मरतं. ते अॅडमिनलाच विचारा. एक्सेल सोडून दुसरं काही असेल तर टास्क शेड्यूलर बरा; त्यात माणूस लॉगिन असो-नसो काम चालवायचा पर्याय आहे.

खाडीपूल | रविवार, दुपारी ०३:०५

केला प्रयोग. जेवण झाल्यावर केला, म्हणून उशीर.

पहिल्या खिडकीत स्लीप सुरू केलं, दुसरीतून दिसत होतं. पहिलीतून 'एक्झिट' केलं आणि दुसरीत बघितलं तर स्लीप गायब! दुसरी खिडकी उघडी असूनसुद्धा. अंगावर काटा आला थोडा.

सीग्रुपच्या ओळीत शेवटी 'सेशन-३७.स्कोप' असं होतं.

कुळीथ_पिठलं | रविवार, दुपारी ०३:२०

मग सापडला. '/ईटीसी/सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ' उघडा, वाचायला सगळ्यांना परवानगी असते. 'किलयूजरप्रोसेसेस' ची ओळ शोधा. त्याच नावाच्या शेवटी '.डी' असलेल्या फोल्डरातही बघा.

खाडीपूल | रविवार, दुपारी ०३:२६

'किलयूजरप्रोसेसेस=येस'. ओळीच्या आधी # नाही.

कुळीथ_पिठलं | रविवार, दुपारी ०३:५०

हाच तो.

तुम्ही लॉगिन केलंत की सिस्टमडी (लिनक्सवर लॉगिन आणि सेवा सांभाळणारा प्रोग्राम) तुमच्यासाठी एक टोपली तयार करतं. तुमची ती 'सेशन-३७.स्कोप'. त्या लॉगिनमधून जन्मलेलं सगळं त्या टोपलीत राहतं: शेल, शेलची मुलं, नातवंडं, नोहपवालं काम, स्क्रीन, स्क्रीनच्या आतलं काम. आईबाप बदलले तरी टोपली बदलत नाही. ही सेटिंग 'येस' असली की सत्र संपताच सिस्टमडी टोपली उलटी करतं. सगळ्यांना सिगटर्म ('आवरतं घ्या' हा सिग्नल) जातो, आणि त्यालाही कोणी दाद दिली नाही तर थोड्या वेळाने सिगकिल, जो कोणालाच टाळता येत नाही. नोहपने बोळे घातलेत ते फक्त सिगहपसाठी. सिगटर्म त्याला चांगला ऐकू येतो.

यावर २०१६ मध्ये मोठं रामायण झालं होतं. त्या वर्षी मे महिन्यात सिस्टमडीची २३० वी आवृत्ती आली आणि तिने ही सेटिंग मुळातच 'येस' करून टाकली. चाळीसेक वर्षं नोहप म्हणजे नोहप असं समजून चाललेली माणसं खवळली. डेबियनसारख्यांनी आपल्याकडे ती परत 'नो' केली. त्यामुळे बहुतेकांना हा अनुभव येत नाही. तुमच्या सर्व्हरवर बहुधा कोणीतरी मुद्दाम 'येस' केलीय.

उपाय दोन भागांत आहे. एक, अॅडमिनकडून 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' तुमच्या नावाने करून घ्या. म्हणजे तुमचं एकही लॉगिन नसलं तरी तुमच्या नावाचा सिस्टमडीचा व्यवस्थापक जागा राहील. दोन, टीमक्स त्या व्यवस्थापकाच्या हाताखाली सुरू करा, लॉगिनच्या टोपलीत नको: 'सिस्टमडी-रन --यूजर --स्कोप टीमक्स न्यू -एस ओसीआर'. नुसतं दुसरं करून भागत नाही. लिंगर नसेल तर शेवटचं लॉगिन संपलं की व्यवस्थापक जातो आणि त्याच्याबरोबर टीमक्सही.

आणि हो, अॅडमिनला विचाराच. ज्याने ही सेटिंग लावली त्याचं काहीतरी कारण असणार. दुसऱ्याच्या घरात आपण पाहुणे आहोत, तिथे पळवाटा शोधू नयेत.

टर्मिनलकाका | रविवार, दुपारी ०४:३०

वा! हे मला माहीत नव्हतं. निवृत्त झालो तेव्हा सिस्टमडी जेमतेम येत होतं, आम्ही नाकं मुरडत होतो. टोपलीचा दाखला आवडला.

एक भर घालतो, सहज गंमत म्हणून. वेब सर्व्हरसारख्या कायम चालणाऱ्या प्रोग्रामांना आज सिगहप पाठवला तर त्यातले बरेच मरत नाहीत, आपली सेटिंगची फाइल पुन्हा वाचतात. त्यांना टर्मिनलच नसतं, मग फोन ठेवणार कोण? बिनकामाचा सिग्नल दुसऱ्या कामाला लावला. आपल्याकडे जुनं लुगडं गोधडीला जातं तसं.

नवखा_लिनक्सवाला | सोमवार, सकाळी ०८:१०

दादा, मेलं ते :( सकाळी बघितलं तर प्रोसेसच नाही. तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं. कंट्रोल-झेड, डिसओन, एक्झिट.

घोडबंदर_रोड | सोमवार, सकाळी ०८:१४

आणि 'बीजी'?

नवखा_लिनक्सवाला | सोमवार, सकाळी ०८:१५

…

कुळीथ_पिठलं | सोमवार, सकाळी ०९:००

रागावू नका त्याच्यावर, लॅबला कुलूप लावायला माणूस उभा असेल तर कोणीही विसरेल.

नवखा, काय झालं ते समजून घे. कंट्रोल-झेडने काम गोठतं. 'बीजी' दिलं की ते मागे चालू लागतं. तू ते गोठलेलंच सोडलंस. 'डिसओन' केलंस म्हणून बॅशने सिगहप पाठवला नाही, ते खरं. पण शेल गेल्यावर तो गट अनाथ झाला, आणि त्यात गोठलेली प्रोसेस होती. अशा गटाला कर्नल स्वतःहून सिगहप आणि पाठोपाठ सिगकॉन्ट ('पुन्हा चालू हो') पाठवतं. कारण आता त्याला उठवणारं कोणी उरलेलं नसतं. गोठून पडलेलं अनाथ काम यंत्रात कायमचं अडकण्यापेक्षा गेलेलं बरं, असा हिशेब.

'डिसओन' करण्याआधी नेहमी 'जॉब्स' देऊन 'रनिंग' लिहिलंय का बघ. आणि दर पाऊण तासाने मॉडेलची वेट्स (तोवर शिकलेले आकडे) फाइलमध्ये साठवत जा. हे मी सगळ्यांना सांगतेय, फक्त तुला नाही.

घोडबंदर_रोड | सोमवार, सकाळी ०९:२०

मीही घाईत एका ओळीत चार गोष्टी कोंबल्या. पुढच्या वेळी सरळ टीमक्सने सुरुवात कर. आणि बस-लोकलमधून काम करत असशील तर मॉश (एसएसएचसारखंच, पण तुटकं नेट सोसणारं) टाकून घे. २०१२ पासून आहे, एमआयटीतल्या लोकांनी केलेलं. यूडीपीवर चालतं, ६०००० ते ६१००० मधला एखादा पोर्ट वापरतं. वायफायवरून मोबाइल नेटवर गेलास, पत्ता बदलला, तरी खिडकी तुटत नाही. माजिवड्याला बसमध्ये चढून पातलीपाड्याला उतरेपर्यंत तासभर जातो, तेवढ्यात माझं नेट चार वेळा जातं. मॉश वरच्या ओळीत दाखवतो की इतके सेकंद झाले संपर्क नाही, आणि नेट आलं की पुढे सुरू. पण लॅपटॉप बंद करून फोनवरून तीच खिडकी उघडता येत नाही, त्याला टीमक्सच लागतं. मी दोन्ही लावतो, मॉशच्या आत टीमक्स.

खाडीपूल | सोमवार, रात्री ०९:४०

अॅडमिनशी बोलले. भला माणूस. म्हणाला, विद्यार्थी लॉगआउट करून जायचे आणि त्यांचे प्रोग्राम महिनोन्‌महिने मेमरी खात बसायचे, म्हणून ती सेटिंग लावली. माझ्यासाठी लिंगर करून दिलं. एक अटही घातली: ३२ पैकी ८ कोअरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत.

आता नवीन गोंधळ. टीमक्समध्ये काम सुरू केलं, लॉगआउट केलं, परत आले. जिवंत आहे! पण लॉगची फाइल रिकामी. तासभर शून्य बाइट. पानांच्या फाइली मात्र तयार होतायत.

घोडबंदर_रोड | सोमवार, रात्री ०९:४८

स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे ना? आउटपुट फाइलमध्ये वळवलं की पायथन ओळ ओळ लिहीत नाही, साठवून साठवून एकदम ओततो. 'पायथन३ -यू' करून चालवा.

आणि ८ कोअर मिळालेत तर एकेक पान कशाला करताय? एका वेळी ८ पानं चालवा, 'एक्सआर्ग्ज -पी ८'. मात्र आधी 'ओएमपी_थ्रेड_लिमिट=१' एक्सपोर्ट करा. टेसरॅक्ट एका पानालाही चार-चार धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं) काढतो. आठ टेसरॅक्ट एकदम लावले तर ३२ धागे ८ कोअरवर भांडत बसतील आणि अॅडमिन तुम्हाला फोन करेल.

कुळीथ_पिठलं | सोमवार, रात्री १०:१०

+१. आणि माझं तुणतुणं पुन्हा: टीमक्स लॉगआउटपासून वाचवतो, रीबूटपासून नाही. लिंगरची नोंद डिस्कवर असते, ती रीबूटनंतरही टिकते. टीमक्स आणि त्यातलं काम जातं. हे काम थांबलं तर पुन्हा चालू करता येईल असं लिहिलंय का?

खाडीपूल | सोमवार, रात्री १०:१६

फाइल आधीच असेल तर ते पान सोडून पुढे जायचं, एवढं आहे.

कुळीथ_पिठलं | सोमवार, रात्री १०:३०

अर्धवट लिहिलेली फाइलही 'आधीच असलेली' असते. पानाच्या मध्येच वीज गेली तर अर्धं पान पूर्ण समजून पुढे जाल, आणि १८,००० मध्ये ते कोणाला कधी सापडणार नाही. मजकूर आधी '.टेंप' नावाने लिहा, पान पूर्ण झालं की 'एमव्ही' ने खरं नाव द्या. एकाच डिस्कवर नाव बदलणं हे एका झटक्यात होतं, अर्धवट होत नाही. मग खऱ्या नावाची फाइल दिसली म्हणजे ते पान झालं, याची खात्री.

मला नोहप की टीमक्स या वादापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. पण धागे सगळे नोहपवरच निघतात.

टर्मिनलकाका | सोमवार, रात्री ११:०५

खरं आहे. १९९५ साली १५ ऑगस्टला विदेश संचारने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, त्यानंतर काही काळाने आम्ही नौपाड्यातल्या घरी डायलअप घेतलं. रात्री फाइल उतरवायला लावायची आणि पहाटे हिने दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की संपलं. जिथे तुटलं तिथून पुढे उतरवणारा प्रोग्राम मिळाला त्या दिवशी घरात शांतता नांदू लागली. तोवर मी उगाच मोडेम बदलत होतो.

खाडीपूल | गुरुवार, सकाळी ११:१५

हुश्श. झालं!

बुधवारी रात्री साडेनऊला सुरू केलं. सिस्टमडी-रनखाली टीमक्स, पायथन -यू, एका वेळी ८ पानं, धागे एकावर. एकेका पानाला आता १४ सेकंद लागत होते, पण आठ एकदम, म्हणजे सगळं पावणेनऊ तासांत उरकायला हवं होतं. डिटॅच करून लॉगआउट केलं, पुन्हा आत जाऊन बघितलं, चालू. मग झोपले.

सकाळी सातला आत गेले तर टीमक्स म्हणतो एकही सत्र नाही. पोटात गोळा आला. परत तेच? अपटाइम बघितला, पावणेचार तास. पहाटे सव्वातीनच्या सुमाराला यंत्रच बंद पडून उठलं होतं. अॅडमिन म्हणाला यूपीएसची बॅटरी.

पण ११,६४९ पानं झालेली होती, आणि ८ '.टेंप' फाइली अर्धवट. ती आठ पुसली, पुन्हा सुरू केलं, आणि ऑफिसला निघाले. ट्रान्सहार्बरवर घणसोलीच्या पुढे फोनवरून एकदा डोकावले, बरोबर चाललं होतं. दहा-सव्वादहाला संपलं.

कुळीथताई, ते एमव्ही सुचवलं नसतंत तर मी आज आठ पानं अर्धी घेऊन बसले असते आणि मला पत्ताही लागला नसता.

नवखा_लिनक्सवाला | गुरुवार, सकाळी ११:३०

अभिनंदन ताई! माझंही झालं काल. टीमक्समध्ये. शिवाय दर अर्ध्या तासाने साठवत होतो.

टर्मिनलकाका | गुरुवार, दुपारी १२:००

मजकूर कसा आलाय?

खाडीपूल | गुरुवार, दुपारी १२:२०

स्वच्छ छपाईची पानं बरी आलीत. जुन्या, शाई पसरलेल्या पानांवर अनुस्वार उडालेत. आणि आकड्यांचे हाल आहेत. 'वार्षिक वर्गणी ३ रुपये' असं असेल तिथे 'वार्षिक वर्गणी उ रुपये' झालंय. जवळजवळ प्रत्येक अंकात.

टर्मिनलकाका | गुरुवार, दुपारी १२:३५

पहिला गठ्ठा मला पाठवा. दुपारी जेवणानंतर मला काही उद्योग नसतो, मूळ पान शेजारी ठेवून तपासत बसेन. चष्मा नुकताच बदललाय.

खाडीपूल | गुरुवार, दुपारी १२:४०

खरंच? मग स्कॅनसकट पाठवते काका, साधारण ४० जीबी होईल. आज रात्री आरसिंकला (फाइली पाठवणारी कमांड) लावते.

घोडबंदर_रोड | गुरुवार, दुपारी १२:४२

'--पार्शल' विसरू नका. मध्येच तुटलं तर आलेला भाग राहील.